ताटातलं मोठ्या आतड्यापर्यंत काय पोचतं?

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी आल्या. वय ४२, वजन ७८ किलो. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक रंगीत रिपोर्ट काढला, चांगला सोळा पानांचा, आणि त्याच्यावर कॅप्सूलची डबी ठेवली. शौचाचा नमुना कुरिअरने पाठवून करून घेतलेली ती तपासणी होती. आत जिवाणूंची लांबलचक लॅटिन नावं, लाल-हिरवे पट्टे आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘आतड्याचं आरोग्य : १०० पैकी ४३’. तपासणी आणि तीन महिन्यांच्या कॅप्सूल यांच्यात पगाराचा मोठा भाग गेला होता आणि वजन अर्धा किलोही हललं नव्हतं.

“मॅडम, माझे जंतूच खराब आहेत, म्हणून वजन उतरत नाही का?”

त्यांच्या आवाजात भीती होती, पण थोडी सुटकाही होती. ‘तुझा तोंडावर ताबा नाही’ असं घरचे इतकी वर्षं ऐकवत आलेले. आता निदान दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघाला. ही सुटका मला फार जवळून ओळखीची आहे. लठ्ठ माणसाला आपल्याकडे जितकं बोललं जातं तितकं क्वचितच कुणाला बोललं जात असेल.

रिपोर्ट एका बाजूनेच छापलेला होता. मी तो पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर त्यांचं आदल्या दिवसाचं खाणं लिहून घेतलं. सकाळी चहा, चार बिस्किटं. नऊ वाजता पोह्यांची बशी. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. शाळेतून आल्यावर चहा-खारी. रात्री मुलांसाठी केलेल्या पावभाजीतले दोन पाव आणि थोडा वरणभात. मग मी त्यांना विचारलं, “यातलं मोठ्या आतड्यापर्यंत काय पोचलं असेल?”

त्या गप्प झाल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. रिपोर्टात जिवाणूंची नावं होती, पण ते जेवतात काय, याबद्दल एक ओळही नव्हती.

आपण जे खातो त्यातली साखर, मैदा, तेल, प्रथिनं यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच पचतो आणि शोषला जातो. पुढे मोठ्या आतड्यात उतरतो तो उरलेला भाग: डाळींची सालं, धान्याचा कोंडा, भाज्यांचा चोथा, थोडा न पचलेला स्टार्च. आपल्या दृष्टीने ते उरलंसुरलं, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं तेच मुख्य जेवण. हे जिवाणू किती असतात? इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशेब नव्याने मांडला. साधारण ७० किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि त्याच्या स्वतःच्या सुमारे ३० लाख कोटी पेशी. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून साधारण २०० ग्रॅम. ‘पेशींच्या दहापट जिवाणू’, ‘पोटात दोन किलो जिवाणू’ हे आकडे अजूनही भाषणांत ऐकू येतात. ते विसरून जा. २०० ग्रॅमही काही कमी नाहीत.

हे जिवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. आतड्यातल्या काही पेशींना ही आम्लं जाणवली की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची संप्रेरकं सोडतात. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या निरोप्यांपैकी ही दोन. वजन कमी करण्याच्या ज्या इंजेक्शनांची आता घरोघरी चर्चा आहे, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. फरक इतकाच की अंगात तयार होणारं जीएलपी-१ काही मिनिटांत विरघळून जातं आणि औषधातलं कित्येक दिवस टिकतं. त्यामुळे ‘भाकरी खा, इंजेक्शनसारखा गुण येईल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. भाकरीचा गुण वेगळा आहे आणि सावकाश येणारा आहे.

चोथा पोचलाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की उपाशी राहिलेले काही जिवाणू आतड्याच्या आतल्या बाजूचा चिकट थरच खायला लागतात. तो थर पातळ झाला की आतड्याची तटबंदी कमकुवत होते, आणि जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे रक्तात जाऊन अंगात बारीक दाह धुमसत राहतो, असं शास्त्रज्ञ मानतात. माणसात हे नेमकं किती घडतं, याचा अभ्यास अजून चालू आहे.

आता ज्या संशोधनामुळे हा विषय गाजला, त्याच्याकडे येऊ. ते नीट समजून घेतलं तर बाजारातली निम्मी आश्वासनं आपोआप गळून पडतात.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर वाढवले गेले, ज्यांच्या अंगात एकही जिवाणू नव्हता. निर्जंतुक पेटीत जन्मलेले, निर्जंतुक खाणं खाणारे. २००४ साली या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू देण्यात आले. चौदा दिवसांत त्यांच्या अंगातली चरबी सुमारे साठ टक्क्यांनी वाढली, आणि तीही खाणं कमी झालेलं असताना. म्हणजे जिवाणू अन्नातून जास्तीची ऊर्जा काढून देत होते आणि ती साठवायलाही मदत करत होते. २०१३ साली त्याच प्रयोगशाळेने अशा जुळ्या बहिणी निवडल्या, ज्यांच्यातली एक सडपातळ आणि एक लठ्ठ होती. दोघींच्या आतड्यातले जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली.

बातम्या इथेच संपल्या. प्रयोगाचा पुढचा भाग मात्र छापायचा राहून गेला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यात राहिले की जिवाणूंची देवाणघेवाण होते. दोन्ही प्रकारचे उंदीर एकत्र ठेवल्यावर सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांत जाऊन रुजले आणि त्यांच्या अंगावरची चरबी वाढायची थांबली. मग शास्त्रज्ञांनी खाणं बदलून पाहिलं. कमी चरबीचं, भरपूर चोथ्याचं खाणं होतं तोवर चांगले जिवाणू रुजले. जास्त चरबीचं, भाजी-फळं जवळजवळ नसलेलं खाणं दिल्यावर ते रुजलेच नाहीत. पिंजरा तोच, जिवाणू तेच, पण त्यांना खायला काही नव्हतं.

डबीतून जिवाणू विकत घेऊन सकाळी कॅप्सूल गिळणाऱ्या आणि दिवसभर पाव-खारी-बिस्किटं खाणाऱ्या प्रत्येकासाठी हा प्रयोग आहे. त्या शिक्षिकांना मी तो सविस्तर सांगितला. त्यांनी डबी उचलून पिशवीत टाकली.

उंदरांत जे घडतं ते माणसात तसंच घडेल असं नसतं. अमेरिकेत बोस्टनमध्ये लठ्ठ व्यक्तींना सडपातळ दात्यांच्या शौचातले जिवाणू कॅप्सूलमधून देऊन पाहिले. २०२० साली निष्कर्ष आला की जिवाणू काही प्रमाणात बदलले, पण वजन उतरलं नाही. अकरमान्सिया नावाच्या एका जिवाणूचं फार कौतुक ऐकू येतं. बेल्जियममध्ये २०१९ साली त्याची छोटी चाचणी झाली. जेमतेम तीसेक जणांची, तीन महिन्यांची. इन्सुलिनचं काम थोडं सुधारलं; वजनातला फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. आणि रिपोर्टांत आजही ठळकपणे छापलं जाणारं फर्मिक्युटीज आणि बॅक्टेरॉइडिटीज या दोन गटांचं गुणोत्तर? २००६ साली बारा लठ्ठ व्यक्तींच्या अभ्यासातून ते पुढे आलं. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्यातला ठामपणा विरघळला. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ साली भारतीय व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही या गटांचा ठरावीक कल सापडला नाही. तेव्हा त्या गुणोत्तरावरून तुम्हाला कुणी आहार किंवा कॅप्सूल लिहून देत असेल, तर ते पैसे भाजीमंडईत खर्च करा. निरोगी आतड्यात नेमके कोणते जिवाणू किती असावेत, याचं सर्वमान्य माप आज जगात कुठेही ठरलेलं नाही. मग १०० पैकी ४३ गुण कशाच्या मापाने दिले?

जंतू आणि वजन यांचा धागा मुंबईतही सापडतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. ऐंशीच्या दशकात देशभर कोंबड्यांमध्ये एका विषाणूची साथ आली होती. अजिंक्य नावाच्या पशुवैद्यकाने निखिल धुरंधर यांना सांगितलं की साथीत मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबी फार आहे. आजारी कोंबडी वाळायला हवी, ही तर चरबीने भरलेली! धुरंधर तेव्हा मुंबईत लठ्ठपणाच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांनी त्या विषाणूवर संशोधन केलं आणि काही लठ्ठ रुग्णांच्या रक्तातही त्याच्या खुणा शोधल्या; पुढे अमेरिकेत जाऊन माणसांतल्या तशाच एका विषाणूवर काम केलं. हा विषाणू होता, जिवाणू नव्हे. तरीही मी ही गोष्ट रुग्णांना सांगते, कारण ‘लठ्ठपणा म्हणजे फक्त जिभेचा दोष’ या समजुतीला चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या माणसाने प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न योग्य होता. एखाद्याच्या अंगात खुणा सापडल्या म्हणजे वजन त्यामुळेच वाढलं, असं मात्र सिद्ध होत नाही. जिवाणूंच्या बाबतीतही हेच भान ठेवायला हवं.

इथे कुणीही विचारेल की जिवाणू अन्नातून जास्तीची ऊर्जा काढत असतील, तर त्यांना खाऊ घालून वजन कमी कसं होईल? प्रश्न रास्त आहे. लहान आतड्यात पचणाऱ्या एक ग्रॅम स्टार्चमधून चार कॅलरी मिळतात. तोच ग्रॅम चोथा होऊन मोठ्या आतड्यात आंबला तर साधारण दोनच मिळतात. शिवाय पोसलेले जिवाणू वाढतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर कॅलरीही जातात. अमेरिकेत फ्लोरिडात सतरा निरोगी व्यक्तींना बंदिस्त कक्षात ठेवून हे मोजलं गेलं, २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. तीच माणसं काही दिवस मैदा आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर, काही दिवस सालीसकट धान्य, चोथा आणि न पचणारा स्टार्च असलेल्या जेवणावर. चोथ्याच्या जेवणात रोज सरासरी ११६ कॅलरी जास्त शौचावाटे निघून गेल्या, आणि भूक काही वाढली नाही. ११६ कॅलरी म्हणजे एका फुलक्याहून थोडं जास्त. आकडा लहान आहे. पण रोजचा आहे, आणि उपाशी न राहता मिळालेला आहे. याहून मोठं काही जिवाणूंकडून मागू नका.

तर मग ताट कसं असावं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा, तोही अन्नातूनच, घ्यायला सांगते. मी ३० ग्रॅमचं लक्ष्य देते. त्या शिक्षिकांच्या दिवसाचा हिशेब पंधराच्या आसपास आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांचे तक्ते काढले आहेत. त्यांत शंभर ग्रॅम बाजरीत साडेअकरा ग्रॅम चोथा आहे, नाचणीत अकरा, ज्वारीत दहा. पांढऱ्या तांदळात तीनपेक्षाही कमी आणि मैद्यातही तितकाच. गव्हाच्या पिठात अकरा ग्रॅम दिसतो, पण बारीक चाळणीने चाळून कोंडा वेगळा काढला की त्यातला मोठा वाटा केरात जातो. घरात सगळ्यात आधी काय बदलायचं असं विचारलंत तर मी चाळणी म्हणेन. पीठ चाळायचं ते खडे-किडे पाहण्यापुरतं, मोठ्या भोकांच्या चाळणीने.

मध्यम आकाराची ज्वारीची भाकरी पन्नासेक ग्रॅम पिठाची असते, म्हणजे पाच ग्रॅम चोथा. वाटीभर मटकीची उसळ, साधारण तीस ग्रॅम सुक्या मटकीची, अजून साडेचार. बाकी पालेभाजी, गवार, घेवडा, शेवग्याच्या शेंगा, दुपारी बियांसकट एक पेरू. रसात चोथा राहत नाही, म्हणून फळ चावून खा.

एकाच धान्यावर थांबू नका. अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या आतड्यांचा एक मोठा प्रकल्प झाला, २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. आठवड्यात तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, दहापेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांच्या मानाने जिवाणूंची विविधता जास्त होती. तीस हा आकडा ऐकून लोक घाबरतात. मी त्यांना भोगीचं जेवण आठवायला सांगते. बाजरीची तीळ लावलेली भाकरी. भाजीत ओला हरभरा, पावटा, मटार, घेवडा, वांगं, गाजर, बोरं, शेंगदाणे, आणि घराघराप्रमाणे अजून काही. मोजा. एका ताटात दहा प्रकार सहज भरतात, आणि वरून कांद्याची पात, मुळा, लसूण. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण वर्षातून एकदा हे करतो आणि मग तीनशे चौसष्ट दिवस बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो. आठवड्यातून एक दिवस भोगी करायला काय हरकत आहे? थंडीतल्या भाज्या मिळत नसतील तर त्या त्या ऋतूतल्या घ्या. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू, भाजणीत पाच-सहा धान्यं-डाळी, आमटीला एकदा तूर, एकदा मसूर, एकदा कुळीथ. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यात चोथा नावालाही नसतो. राजगिरा त्याहून बरा.

कडधान्याला मोड आणा असं मी सांगते, ते चवीसाठी नव्हे. भिजवताना आणि मोड येताना गॅस करणाऱ्या साखरा बऱ्याच कमी होतात. मटकी सकाळी धुऊन भिजत घालावी. रात्री पाणी फेकून, पुन्हा दोन पाण्यांनी धुऊन ओल्या पंच्यात सैलसर बांधावी. उन्हाळ्यात बारा तासांत मोड डोकं काढतात, थंडीत चोवीस तास लागतात. उकाड्याची हवा असेल तर मध्ये एकदा पुरचुंडी पाण्याखाली धरावी, नाहीतर मटकी चिकट होते आणि आंबूस वास येतो. तो वास आला तर फेकून द्या. मोड कच्चे खाण्याची हल्ली पद्धत पडली आहे, पण दमट उबेत मोडांबरोबर नको ते जंतूही वाढतात, म्हणून वाफ काढूनच खा.

नेमकी इथेच माणसं हार मानतात. चार दिवस भाकरी-उसळ खाल्ली की पोट फुगतं, गुबारा धरतो, आणि ‘मला कडधान्य सोसत नाही’ असा निकाल लागतो. सोसत नाही असं नाही. ज्या जिवाणूंना कित्येक वर्षं खायला मिळालं नाही त्यांच्यापुढे एकदम पंगत वाढली, त्याचा हा गोंधळ आहे. पहिल्या आठवड्यात फक्त एका पोळीऐवजी एक भाकरी, बाकी काहीच बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड अर्धी वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ. राजमा, छोले, वाल शेवटी. हिंग, ओवा, आलं हाताशी असू द्या. पाणी वाढवा, पाण्याशिवाय चोथा वाढवला तर बद्धकोष्ठ होतं. जेवल्यावर शतपावली घाला, खरोखर घाला. महिनाभरात बहुतेकांचं पोट शांत होतं. काहींचं होत नाही, विशेषतः ज्यांना आतडं चिडण्याचा जुना त्रास आहे. त्यांनी हट्टाने रेटू नये, तज्ज्ञाला विचारावं.

दही-ताकाबद्दल मला रोज विचारलं जातं. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ जणांवर दहा आठवडे अभ्यास केला. आंबवलेले पदार्थ रोज भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या. गंमत अशी की नुसता चोथा वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात सरासरी विविधता वाढली नाही. याचा अर्थ मी असा लावते की दोन्ही हवं. भाकरीबरोबर वाटीभर ताक, जसं आपल्या आज्या घेत होत्या. दह्यातले जिवाणू आतड्यात घर करत नाहीत, येऊन जातात. म्हणून ते रोज लागतं. श्रीखंड, गोड लस्सी, बाटलीतली गोड पेयं यांत साखरच जास्त, त्यांना दह्याचं पुण्य लागू होत नाही. आंबोळी-इडलीच्या पिठातले जिवाणू तव्यावर आणि वाफेत मरतात. तरी आंबल्यामुळे पचन सोपं होतं, खा. लोणचं मात्र तेल-मिठाचं, चवीपुरतंच.

शिळ्या भाकरीचा आणि थंड भाताचा बोलबाला झाला आहे. शिजवून गार झालेल्या भातात थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो, हे खरं आहे, आणि परत गरम केला तरी तो सगळा जात नाही. पण फरक थोडा आहे, आणि उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवू शकतो. फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणीचा केलात तर उत्तम; मात्र ‘थंड आहे म्हणून दोन वाट्या जास्त’ असं करू नका.

अँटिबायोटिकबद्दल दोन शब्द, कारण हा विषय माझ्या मनाला लागलेला आहे. सर्दी, साधा खोकला, बहुतेक घशाचे त्रास विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही, पण आतड्यातले जिवाणू मात्र मरतात. १९४०-५० च्या दशकांपासून कोंबड्या-डुकरांना थोडं थोडं अँटिबायोटिक देऊन त्यांचं वजन लवकर वाढवलं जात आलं आहे. आपल्याकडे कोलिस्टिन या औषधाचा असा वापर २०१९ साली बंद करण्यात आला. त्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर पाच गोळ्यांची पट्टी आणून मुलाला देऊ नका. डॉक्टरांनी गरज ओळखून दिलेलं औषध मात्र सांगतील तसं पूर्ण घ्या. न्यूमोनियात जिवाणूंची विविधता आठवायची नसते. कोर्स संपल्यावर सरसकट प्रोबायोटिक घेण्याची पद्धत आहे. वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अभ्यासात उलटंच दिसलं: प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला जास्त वेळ लागला. औषधानंतर जुलाब लागले असतील आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या. एरवी वरणभात, भाज्या, ताक आणि थोडा धीर.

त्याच वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१६ साली उंदरांत दाखवलं की वजन उतरवून मूळ वजनावर आलेल्या उंदरांच्या आतड्यात जुन्या लठ्ठपणाची जिवाणूंची घडी बराच काळ तशीच राहिली, आणि पुन्हा चरबीचं खाणं मिळताच त्यांचं वजन झपाट्याने वाढलं. लग्नाआधी पंधरा दिवस फक्त रस-सूप पिणाऱ्यांना मी हे सांगते. वजन उतरल्यानंतरचे सहा महिने उतरवण्याच्या काळाइतकेच महत्त्वाचे असतात.

आणि वजनकाट्यापेक्षा टेप जास्त वापरा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपली माणसं अशी वरून बारीक आणि आतून चरबीची असतात, आणि ती चरबी पोटावर बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ४० टक्के स्त्रियांचा पोटाचा घेर धोक्याच्या मर्यादेवर आढळला. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि मोजा. बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० ही मर्यादा. महिन्यातून एकदा पुरे.

साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर एकदम ताट बदलू नका. साखर उतरू शकते, डॉक्टरांना सांगून औषध जुळवून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्य आणि भाज्यांचं प्रमाण त्यांनाच ठरवू द्या. शौचात रक्त, प्रयत्न न करता उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर भाकरीची वाट पाहू नका, लगेच तपासून घ्या. थायरॉइड, पीसीओडी, अपुरी झोप, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनीही वजन वाढतं. तिथे एकट्या जिवाणूंकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

त्या शिक्षिका सहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा वजन साडेत्र्याहत्तर किलो होतं आणि कंबर सहा सेंटिमीटरने उतरली होती. रिपोर्ट त्यांनी बरोबर आणला होता. सोळा पानांपैकी अकरा पानांच्या कोऱ्या बाजूंवर बारीक अक्षरात रोजचं जेवण लिहिलेलं: कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, नाचणीची आंबील, एके दिवशी नुसतंच ‘आज वडापाव, दोन’. लाल-हिरवे पट्टे पलीकडून पुसट दिसत होते. “तपासणी परत करू का?” त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी अकरावं पान उलटून माझ्यापुढे धरलं. समासात लिहिलं होतं: ‘सासूबाईंनी स्वतः बाजारातून मोठ्या भोकांची चाळणी आणली.’